अर्थांचे तळघर

एका राज्यात शब्दांची वतने असत. दुसऱ्या राज्यांत कुणाकडे पाटीलकी असते, कुणाकडे देवळाची पूजा असते, कुणाकडे पालखीला खांदा देण्याचा मान असतो. या राज्यात प्रत्येक घराकडे एक शब्द असे. नवे घर बांधून झाले की राजाचा माणूस येई, उंबऱ्यावर हळदकुंकू वाही आणि एक शब्द त्या घराच्या हवाली करी. कुणाच्या वाट्याला 'सावली' येई, कुणाच्या 'पायवाट', कुणाच्या 'कंटाळा'. ज्यांना 'कंटाळा' मिळे ते थोडे हिरमुसत, पण वतन नाकारण्याची सोय नव्हती.

वतनदाराचे काम फार नसे. आपला शब्द नीट वापरायचा, आणि गावातले कुणाचे मूल विचारायला आले तर त्याला तो समजावून द्यायचा. समजावण्याची रीत ज्या त्या घरची. 'हुरहूर' ज्या घरी होती तिथली म्हातारी मुलाला काही सांगतच नसे. ती त्याला गोठ्याच्या दारात बसवी. उन्हे कलली की गाई परतत, एखादी मागे राहिलेली असे, आणि तिचे वासरू दाव्याला ताण देऊन वाटेकडे बघत उभे राही. गाय येईपर्यंत मुलाने तिथे बसायचे. मग म्हातारी म्हणे, "कळली? आता घरी जा." मूल घरी जाई, आणि तो शब्द त्याला जन्मभर पुरे.

असे सुरळीत चालले होते. मग एका गावात एका सुनेने नवऱ्याशी बोलणे टाकले. 'राग' हे वतन एका घरचे, 'रुसवा' शेजारच्या घरचे. रागवाले म्हणाले, तिने भांडे आपटले, तेव्हा ती आमच्या हद्दीत आहे. रुसव्यावाले म्हणाले, भांडे आपटून तिने नवऱ्याकडे चोरून पाहिले, तेव्हा ती आमची. सुनेला कुणी विचारले नाही. तिने केव्हाच नवऱ्याला जेवायला वाढले होते. पण भांडण हातघाईवर आले आणि तिथून दरबारात पोचले.

राजा नियतसेन मनाचा चांगला होता, फक्त त्याला पसारा खपत नसे. त्याच्या बागेत फुलझाडे उंचीप्रमाणे लावलेली होती आणि दरबाऱ्यांचे जोडे दाराशी एका रेषेत असत. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि त्याचे डोके दुखू लागले. अर्थ घराघरांत विखुरलेले आहेत म्हणून हे तंटे होतात, असे त्याने ठरवले. सगळे अर्थ एके ठिकाणी आणावेत, तळघरात कुलपात ठेवावेत, ज्याला शंका येईल त्याने दरबारात येऊन खात्री करून जावे. त्याने डोंगरावरच्या कालकंठ नावाच्या मांत्रिकाला बोलावणे पाठवले.

कालकंठाने राजवाड्याच्या चौकात तांब्याचे मोठे घंगाळ मांडले आणि पाण्याने भरले. एकेक वतनदार पुढे येई, घंगाळावर वाकून आपला शब्द उच्चारी, आणि शब्दातला अर्थ पाण्यात उतरून तळाशी मणी होऊन बसे. 'सावली'चा मणी काळसर निघाला, 'पायवाटे'चा लांबट. 'कंटाळ्या'चा मणी हाताला लागेना, तो दुपारपर्यंत तळाशी लोळत राहिला. राजाने प्रत्येक मणी वेगळ्या डबीत घातला आणि डब्या तळघरात नेऊन ओळीने मांडल्या.

जाताना कालकंठ म्हणाला, "महाराज, बाहेर काढलेला अर्थ जपता येतो. वापरता येत नाही."

पहिले वाक्य राजाला आवडले. दुसऱ्याच्या वेळी तो कुलूप ओढून पाहत होता.

सुरुवातीला कुणाला काही जाणवले नाही. मोठ्या माणसांची भाषा सवयीवर चालू राहिली. बैल सोडल्यावरही उतारावर गाडी काही वेळ पळते, तसे ते होते. मग वर्षे गेली तसे शब्द हळूहळू पोकळ होऊ लागले. शपथ घेतली तरी लागेना. शिवी दिली तरी झोंबेना. बायका जात्यावर ओव्या म्हणत, पण माहेर हा शब्द आला तरी कुणाचा गळा दाटत नसे. राजा मात्र समाधानात होता, कारण तंटे थांबले होते. भांडायला लागणारे शब्दच कुणाला टोचत नव्हते.

खरा घाव मुलांवर पडला. ज्यांना बोलता येत होते त्यांच्याकडे निदान सवय होती. जी मुले बोलायला शिकण्याच्या वयात होती त्यांच्या कानावर नुसता आवाज पडत होता. आई "ये" म्हणाली काय आणि पिंपळ सळसळला काय, त्यांना दोन्ही सारखेच. आणि त्या राज्यात पूर्वीपासून एक शाप होता, जो आजवर कुणाला बाधला नव्हता म्हणून लोक विसरून गेले होते. दुधाचा पहिला दात पडेपर्यंत ज्या मुलाला एकही शब्द लागला नाही, ते मूल दगडाचे होई. दात हलू लागला की पावले गार पडत. दात पडला की मूल पुरते दगड.

घराघरांच्या अंगणात अशी मुले बसली. कुणी गुडघ्यावर हनुवटी टेकवून, कुणी हातात काडी धरून. त्यांच्या आया त्यांना रोज आंघोळ घालीत, डोक्याला तेल लावीत, ऊन चढले की सावलीत न्यायला पाहत आणि ओझे हलले नाही की तिथेच शेजारी बसत. दुसरे काय करावे हे कुणालाच सुचत नव्हते.

राजाला एकच मुलगी, बकुळा. ती अजून एक शब्दही बोललेली नव्हती. एका सकाळी तिला दूधभाकरी भरवताना राणी पद्मगंधेच्या बोटाला तिचा खालचा दात लागला, आणि तो हलला. राणीने तिच्या पावलांना हात लावून पाहिला. पावले गार होती.

राजा धावत तळघरात गेला. डब्या चाळवून त्याने 'आई'चा मणी काढला आणि लेकीच्या तळहातावर ठेवला. बकुळेने तो हुंगला, चावून पाहिला, आणि पायरीवरून घरंगळत सोडून दिला. तो कसा टपटप उड्या घेत जातो ते तिने मोठ्या आवडीने पाहिले. मणी अंगणात मातीत जाऊन थांबला आणि काहीच घडले नाही. राजा तिच्यासमोर बसला. "आई म्हण, बाळ. आई. आई," असे तो म्हणू लागला, आणि थांबेचना.

राणीने प्रवासाचे लुगडे नेसले. राजाने सैन्य देऊ केले. राणी म्हणाली, "सैन्य काय करील, महाराज? कुणाला मारायचे आहे?" आणि ती एकटीच निघाली.

वेशीच्या कुंपणावर एक भारद्वाज बसला होता. भारद्वाज दिसला की शकुन होतो असे लोक म्हणतात. हा भारद्वाज बोलणारा होता, आणि शकुनाबद्दल त्याला स्वतःला काही माहिती नव्हती. त्याने राणीला कुठे निघालात म्हणून विचारले. राणीने सांगितले. त्याचे बोलणे एवढे स्वच्छ कसे, असे तिने विचारल्यावर तो म्हणाला की मी तुमच्या राज्याचा वतनदार नाही, मी कुंपणावर राहतो. मग तो तिच्या पुढे पुढे उडत वाट दाखवू लागला.

कालकंठ आपल्या गुहेपुढे वाल सोलीत बसला होता. राणीने त्याच्यासमोर बसून सगळी हकीकत सांगितली. तो ऐकत होता आणि सोलत होता. ऐकताना त्याचा चेहरा उतरला, कारण तो दुष्ट नव्हता. सांगितलेले काम त्याने केले होते, इतकेच.

"अर्थ परत घाला," राणी म्हणाली.

"काढणे ही विद्या आहे, राणीसाहेब. ती मला येते. घालणे माझ्या गुरूलाही येत नव्हते." त्याने एक सोललेला वाल उचलून दाखवला. हा परत सालात कोंबून पेरला तर उगवेल का, असे त्याने विचारले. राणीने नकारार्थी मान हलवली.

मग बराच विचार करून कालकंठाने तिला तीन जागा सांगितल्या. एके ठिकाणी शब्द आहेत आणि अर्थ नाही. दुसरीकडे अर्थ आहे आणि शब्द नाहीत. तिसरीकडे, एका एकट्या म्हातारीपाशी, दोन्ही आहेत आणि तरी काही उपयोग होत नाही. या तिन्ही पाहा, असे तो म्हणाला. मग काय करायचे, असे राणीने विचारले. ते मला ठाऊक असते तर मी इथे वाल सोलत बसलो नसतो, असे त्याने कबूल केले.

पहिली जागा म्हणजे राघूंचे बन. जुन्या राजांनी पाळलेले राघू पिंजऱ्यांतून सुटून पिढ्यान्‌पिढ्या तिथे जमा झाले होते, आणि बापाने ऐकलेले पोराला शिकवीत आले होते. राणी बनात शिरली तेव्हा चहूकडून माणसांचे आवाज येत होते. कुणी युद्धाचा हुकूम देत होता, कुणी आंबा कापण्याबद्दल भांडत होता, कुणी एका मेलेल्या प्रधानाची खुशामत करीत होता. राणीने मोठ्याने विचारले, शब्दात अर्थ कसा घालतात? राघू गप्प झाले, आणि मग सगळ्या झाडांवरून तोच प्रश्न तिच्याच आवाजात परत आला.

ती परत फिरणार इतक्यात डोक्यावरच्या फांदीवरून एका बाईचा आवाज आला. थकलेला, मऊ, कुठल्या तरी शेकडो वर्षांपूर्वीच्या बाईचा. "जेव रे बाळा. निवून चाललंय."

राणीला बकुळेच्या वाटीतली दूधभाकरी आठवली आणि ती झाडाखाली उभ्या उभ्या रडली. तेवढ्यात त्याच फांदीवरून एक साप सरसरत वर चढला. राघू त्याच्याकडे वळला आणि त्याच आवाजात, त्याच मायेने म्हणाला, "जेव रे बाळा. निवून चाललंय." भारद्वाजाने सापावर झडप घातली म्हणून राघू वाचला. उडून जाताना तो तेच म्हणत होता.

पुढे वाटेत राणीने भारद्वाजाला विचारले, "तो शब्द रिकामा होता. मग मला रडू कुठून आले?"

"राघूकडून आले नाही, एवढे नक्की," भारद्वाज म्हणाला, आणि सापाचा एक तुकडा गिळून पुढे उडाला.

दुसरी जागा म्हणजे मुक्यांचे गाव. फार पूर्वी त्या गावावर मौनाचा शाप पडला होता, आणि गावाला त्याची इतकी सवय झाली होती की हा शाप आहे हेही कुणाच्या ध्यानात राहिले नव्हते. तिसऱ्या जागेची वाट या गावातल्या लोकांनाच माहीत होती. भारद्वाज म्हणाला की यापुढचा मुलूख मी पाहिलेला नाही, विचारून घ्या, आणि तो आपल्या कुंपणाकडे परत उडाला.

राणीने चावडीवर विचारले, विहिरीवर विचारले. लोक थांबत, तिच्या हलणाऱ्या ओठांकडे कौतुकाने पाहत, आणि आपल्या कामाला लागत. हुकूम करून पाहिला, त्यालाही ते हसले. दमून राणी एका घराच्या ओट्यावर बसली. अंगणात एक बाई खाटेवर धोतर अंथरून सांडगे घालीत होती. तिने राणीकडे पाहिले, राणीच्या लुगड्याकडे पाहिले, आणि एक वेळूची काठी तिच्या हातात दिली. कावळे हाकायचे होते.

राणीने जन्मात कावळे हाकले नव्हते. पहिल्या कावळ्याने तिच्या डोळ्यादेखत सांडगा पळवला. बाई कपाळावर हात मारून हसली. मग तिने एक युक्ती केली. मागच्या बाजूने कावळा उतरताना दिसला की ती पातेल्यावर बोटाने दोन टिचक्या मारी, की राणी वळून काठी आपटी. थोड्या वेळाने राणीच्या समोरून कावळा आला, तेव्हा राणीने ओट्यावरच्या तांब्यावर दोन टिचक्या मारल्या, आणि बाईने मागे न बघताच पदर झटकला. दोघींना भारी मौज वाटली. सांडगे वाळत आले तशी सासू दारात आली, कमरेवर हात ठेवून सगळीकडे नजर फिरवू लागली. बाईने हळूच पातेल्यावर दोन टिचक्या मारल्या. राणीला इतके हसू आले की तिने तोंडात पदर कोंबला.

मग विचारणे जड गेले नाही. राणीने कमरेत वाकून म्हातारी करून दाखवली, एकच बोट वर धरले, आणि वाटेकडे पाहिले. बाईने लगेच उत्तरेच्या टेकडीकडे हात केला, आणि गालावर बोट ओढून डोळ्यांतले पाणी दाखवले. निघताना तिने राणीच्या पदरात थोडे सांडगे बांधून दिले. राणी वेशीपर्यंत गेली तेव्हा मागून पातेल्याचा आवाज आला. कावळा कुठेच नव्हता, सासूही नव्हती. तरी राणीला तो कळला, आणि तिने आपल्या हातातल्या काठीने वेशीच्या दगडावर दोनदा ठोकून उत्तर दिले.

टेकडीवर एकच खोपटे होते आणि त्यात तुंगाई नावाची म्हातारी राहत होती. ती आणि तिची धाकटी बहीण, एवढीच त्यांच्या भाषेची माणसे उरली होती. गेल्या वर्षी धाकटी गेली. तुंगाईला राणीची भाषा मोडकीतोडकी येत होती, मीठ आणायला खाली उतरताना लागे तेवढी. तिने राणीला बसायला दिले, चुलीवर भात ठेवला, आणि कशाला आलीस म्हणून विचारले.

राणीने सांगितले. म्हातारीने जाळ सारखा केला.

"शब्द माझ्यापाशी पुष्कळ आहेत," ती म्हणाली. "या डोंगराला शब्द आहे, त्या वाऱ्याला आहे. सगळे ठाऊक आहेत मला. पण धाकटी गेल्यापासून ते नुसते तोंडात फिरतात. भिंतीशी बोलून पाहिलं. भिंत ऐकते, पण चुकत नाही कधी, हसत नाही. मग मीच बोलणं सोडलं."

राणीने तिला तिच्या भाषेतला एक शब्द सांगायला विनवले. तुंगाईने मिदळ हा शब्द सांगितला. मिदळ म्हणजे भांड्याच्या बुडाला लागलेली भाताची खरवड. लहानपणी दोघी बहिणी तिच्यावरून झिंज्या ओढीत. मग आईने त्यांना ती आळीपाळीने द्यायला लावली. पुढे जे जे दोघींना हवे असे, आणि एक दुसरीला देऊन टाकी, त्या सगळ्याला त्या मिदळ म्हणू लागल्या. चुलीजवळची जागा मिदळ. नवे पातळ मिदळ. एकदा तर एका माणसाला दोघींनी मिदळ म्हटले होते, आणि शेवटी दोघी बिनलग्नाच्या राहिल्या. शेवटच्या दुखण्यात खोपट्यात एकच घोंगडी धड होती. धाकटीने ती अंगावरून काढून थोरलीकडे सारली आणि म्हणाली, मिदळ. तो तिचा शेवटचा शब्द.

राणीचे डोळे भरून आले. ती हळू आवाजात म्हणाली, "मिदळ."

तुंगाईने मान हलवली. "आवाज बरोबर आहे. पण तू मला काही दिलं नाहीस."

भात झाला. म्हातारीने वाढला. राणीला दिवसभराची भूक लागली होती, ती मुकाट्याने जेवली. भांडे रिकामे झाले तेव्हा बुडाशी खरवड उरली होती, खरपूस, पिवळसर. तिचा वास राणीच्या नाकात भरला आणि तिला ती खरोखरीच खावीशी वाटली. राजवाड्यात कुणी तिला कधी खरवड वाढली नव्हती. तिने उलथन्याने ती नीट सोडवली, तिच्याकडे एकदा पाहिले, आणि म्हातारीच्या पानात टाकली.

"मिदळ," राणी म्हणाली.

तुंगाईने खरवडीचा तुकडा तोंडात घातला आणि तिच्या सुरकुत्यांमधून पाणी ओघळले. तिने आपल्या भाषेत काहीतरी लांबलचक म्हटले. राणीला त्यातला एकच शब्द ओळखीचा लागला, पण तो शब्द मात्र पुरता कळला.

राणी निघाली तेव्हा म्हातारीने तिला दारात थांबवले. हा शब्द घेऊन पोरीकडे जाऊ नकोस, असे तिने बजावले. तो इथला आहे, आपल्या दोघींचा आहे, तिच्या काय कामाचा? पुन्हा कधी भात खायला येशील तेव्हा वापरू. "पोरीपाशी जाऊन बस," ती म्हणाली. "तिला काय हवंय ते बघ. तू काय आणलंस ते तिला नको."

राणी परतली तेव्हा बकुळा अंगणाच्या पायरीवर बसलेली होती. गुडघ्यापर्यंत तिचे पाय दगडाचे झाले होते. दात एका धाग्यावर लोंबत होता. राजा तिच्यासमोर मांडी घालून बसला होता, त्याची दाढी वाढली होती, घसा बसला होता, आणि तो अजून म्हणत होता, "आई. आई. आई." बकुळा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती.

राणीने हळूच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "महाराज, आता गप्प बसा."

"मग दात पडेल आणि ती जाईल," राजा म्हणाला.

"पडू दे. तुम्ही गप्प बसा."

ती लेकीच्या शेजारी पायरीवर बसली. काय करायचे ते तिला मुळीच ठाऊक नव्हते. फक्त लेक कुठे पाहते आहे तिकडे तिने पाहिले. ओसरीच्या कौलांत एक फट होती आणि तिच्यातून उन्हाचा कवडसा समोरच्या भिंतीवर पडला होता. वाटोळा, थोडा थरथरता. बकुळा त्याच्याकडे पाहत होती. राणीही पाहू लागली. दोघी पुष्कळ वेळ नुसत्या पाहत बसल्या. कवडसा भिंतीवरून उतरला, पायरीपाशी आला. राणीने हात पुढे केला आणि तो तिच्या तळहातावर आला.

बकुळेने आईच्या तळहाताकडे पाहिले. मग आईच्या डोळ्यांकडे पाहिले. आई तेच बघते आहे, हे तिने बघितले. तिने आपले छोटे बोट त्या उजेडात घातले, ते लालसर झाले, आणि ती म्हणाली, "निपू."

असा शब्द त्या राज्यात नव्हता. कुठल्या घराचे ते वतन नव्हते, तळघरात त्याची डबी नव्हती. राजाचे तोंड उघडले. बाळ, त्याला कवडसा म्हणतात, हे त्याच्या जिभेवर आले होते. राणीने त्याच्याकडे न पाहता हात वर केला आणि तो थांबला. त्याच्या आयुष्यातले ते सर्वांत अवघड काम होते, असे मला वाटते.

"निपू," राणी म्हणाली. तिने हात बाजूला घेतला. उजेड फरशीवर पडला.

"निपू," बकुळेने फरशीकडे बोट केले.

"निपू," राणी म्हणाली, आणि त्याच क्षणी दात पडला.

राजाने डोळे मिटले. दात पायरीवर टपकल्याचा बारीक आवाज झाला. पुढे काहीच झाले नाही. राणीने लेकीच्या पायांना हात लावला. गुडघे कोमट होते, पोटऱ्या कोमट होत होत्या, आणि अंगठा हलला. बकुळेचे तिकडे लक्ष नव्हते. ती उजेडातच गुंतली होती. इतक्यात आभाळात एक ढग सरकला आणि उजेड विझला. तिने फरशी चाचपली, आईचा तळहात उलटून पाहिला, आणि आईकडे तोंड करून विचारले, "निपू?"

"गेली," राणी म्हणाली.

बकुळेने वर पाहिले. कौलांची फट काळी होती. तिचे तोंड वाकडे झाले, डोळ्यांत पाणी आले. "गेली," ती म्हणाली.

राज्यातला जुना, रोजचा, शेकडो तोंडांनी झिजवलेला तो शब्द. तो तिला कळला होता, आणि ती रडत होती. राणीने तिला उचलून घेतले आणि तीही रडली. रडता रडता ती "गेली, गेली" म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी तो शब्द तिच्या काळजाला लागत होता. सवयीच्या त्या सगळ्या वर्षांत तो तसा एकदाही लागला नव्हता.

तळघरातून वाळू घसरल्यासारखा आवाज आला. सेवकांनी जाऊन पाहिले तर सगळ्या डब्यांत भुगा होता. ते राजाला सांगायला आले, पण राजा उठला नाही. ढग सरकला होता. उजेड पुन्हा उतरला होता आणि या वेळी तो राजाच्या गुडघ्यावर येऊन पडला होता.

बकुळा आईच्या कडेवरून खाली उतरली. नव्याने मऊ झालेल्या पावलांनी ती लटपटत राजापाशी आली. इतके दिवस एकच आवाज काढणारा हा दाढीवाला माणूस तिने पहिल्यांदाच नीट निरखला. मग तिने त्याच्या गुडघ्याकडे बोट केले. "निपू."

राजा नियतसेनाला राज्यातला प्रत्येक शब्द पाठ होता. त्याने लेकीकडे पाहिले आणि अगदी हळू विचारले, "म्हणजे काय?"

तिने त्याचा हात धरला आणि उजेडात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सगळे वतनदार दरबारात आले. अर्थ परत मिळतील म्हणून त्यांनी फडकी आणली होती. राजाने त्यांना सांगितले की द्यायला माझ्यापाशी काही नाही, घरी जा आणि आपापल्या मुलांपाशी बसा. शाप एका दिवसात सुटला नाही. तो एकेका अंगणात सुटला. कुठे मुंग्यांच्या रांगेशी सुटला, कुठे पाण्याच्या थेंबापाशी, कुठे आजोबांच्या मिशीला हात लावून. जिथे कुणी गडबड केली तिथे वेळ लागला. एका घरी सात पावसाळे लागले, पण तिथलेही मूल उठले. वतने पुन्हा सुरू झाली, मात्र आता एक शब्द एका घराला देत नाहीत. दोन घरांना मिळून देतात, आणि दोघांत अधूनमधून थोडे भांडण झाले तर राजा कानाआड करतो.

त्या राज्यात उन्हाच्या कवडशाला आजही निपू म्हणतात. परगावचे लोक आधी हसतात, मग कुणीतरी त्यांचा हात धरते. ही कहाणी मी सांगितली तोवर अर्धी होती. तुम्ही ऐकलीत, आता ती पुरी झाली.